झरमॅट : मे महिन्याच्या पलीकडे

पुढच्या वर्षीच्या युरोप सहली आखायला बसण्याचे हे दिवस. ज्यांच्या यादीत स्वित्झर्लंडमधलं झरमॅट आहे, त्या आयोजकांना आणि टूर लीडरना कळकळीची विनंती : हे गाव धावत्या भेटीत उरकू नका आणि फक्त मे महिन्यात विकू नका.

शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपला हंगाम एप्रिल-मेचा. झरमॅटचा तो नाही. मे महिन्यात स्कीइंगचा मुख्य हंगाम संपलेला असतो, बरीच हॉटेलं बंद असतात आणि पाच तळ्यांची प्रसिद्ध पायवाट बर्फाखाली असते. सुट्टीत कुटुंबं नेणं आपल्याला चुकणार नाही, हे मान्य. पण ज्येष्ठांच्या सहलींना शाळेचं वेळापत्रक कशाला लावायचं? त्यांच्यासाठी सप्टेंबर उत्तम. वाटा मोकळ्या असतात, गर्दी ओसरू लागते आणि लार्चची झाडं पुढे ऑक्टोबरात सोनेरी होतात.

मुक्काम मात्र हवाच. ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर दुपारी अनेकदा ढग चढतात. सकाळ ही त्याची खरी वेळ. गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १८९८पासून विजेवर धावते आणि ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते. परतताना रोटेनबोडेनला उतरा, थोडं खाली चाला. वारा पडलेला असेल, तर रिफेलझे तळ्यात अख्खा मॅटरहॉर्न उलटा दिसतो.

गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. कोच अलीकडच्या टेश गावातच ठेवून रेल्वेने यावं लागतं, तेव्हा सामानाची सोय आधी ठरवा. हिंटरडॉर्फ या जुन्या वस्तीत पर्यटकांना जरूर फिरवा. तिथली काळपटलेली लाकडी कोठारं खांबांवर उभी आहेत आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक गोल, सपाट दगड आहे. उंदरांना धान्यापर्यंत चढता येऊ नये, म्हणून. जवळच्या संग्रहालयात १८६५ सालच्या पहिल्या मॅटरहॉर्न चढाईतला तुटलेला दोर आहे. उतरताना तो तुटला आणि सातांपैकी चौघे गेले. पाऊस असो वा हिमवर्षाव, ही दोन्ही ठिकाणं पाहता येतात.

थिओडुल हिमनदीवर बाराही महिने स्कीइंग, ही झरमॅटची ख्याती. पण २०२२च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे ते थांबवावं लागलं होतं. त्यामुळे उन्हाळी स्कीइंगचं आश्वासन छापण्यापूर्वी चौकशी करा. उंचीचाही विचार करा. क्लाइन मॅटरहॉर्नचं केबल कार स्थानक ३,८०० मीटरच्याही वर आहे आणि गाव जेमतेम १,६०० मीटरवर. इतकी उंची इतक्या कमी वेळात सर्वांनाच झेपत नाही. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना बुकिंगच्या वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा. ज्यांना वर जायचं नाही, त्यांच्यासाठी गावातला कार्यक्रम तयार ठेवा. नवीन कार्यक्रमपत्रिकेत झरमॅटला निदान दोन रात्री द्या.