११२ वर फोन घेणारी माणसं

महाराष्ट्रात कुठूनही ११२ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला की फोन नवी मुंबईतल्या महापे किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो. उचलणाऱ्याला घटनास्थळ दिसत नाही. ‘फाट्याच्या पुढं, पोल्ट्रीजवळ’ एवढ्या खुणेवर त्याला गाव, तालुका, जवळची गाडी ठरवायची असते, तीही समोरचा माणूस किंचाळत असताना. मोबाइलचं लोकेशन मदतीला असतं. पण टॉवर विरळ असलेल्या डोंगराळ भागात ते काही किलोमीटर चुकू शकतं. मग ‘एसटीचा थांबा कुठला? शाळेचं नाव काय?’ असं विचारावंच लागतं. या प्रश्नांवर चिडू नये, मदत त्यांच्यामुळेच पोहोचते.

गाडी निघाली की लगेच पुढचा फोन. आधीच्या फोनवरच्या माणसाचं काय झालं, हे बहुतेकदा कळतच नाही. २०१४पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांवरच्या डॉक्टर-चालकांचं कौतुक होतं, ते रास्तच. फोन घेणारा मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. गंभीर कॉलनंतर सक्तीची विश्रांती आणि पाळीच्या वेळेतच समुपदेशन, एवढी सोय सरकारनं करायलाच हवी. आणि मजा म्हणून ११२ फिरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला पोलिसांनी अजिबात कचरू नये. त्याच वेळी कुणाचा तरी खरा फोन रांगेत अडकलेला असू शकतो.