पदरी पडले आणि पवित्र झाले!

मराठी भाषेतील सर्वांत घातक म्हण कोणती, असे मला कोणी विचारले, तर ‘पदरी पडले आणि पवित्र झाले’ ही, असे उत्तर मी बेलाशक देईन. लग्नाच्या बाबतीत या म्हणीने काय अनर्थ केले, ते सांगायला माझ्याहून समर्थ लेखक आहेत. मी बोलणार आहे ते महाविद्यालयाच्या प्रवेशाविषयी. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे त्या जिल्ह्यात, दरवर्षी निकालाच्या सुमारास ही म्हण घराघरांतून ऐकू येते आणि कितीतरी हुशार मुलींच्या वाटेत आडवी पडते.

प्रकार असा घडतो. बारावीची परीक्षा संपते आणि उत्तरपत्रिका तपासल्या जाण्यापूर्वीच घरातील मंडळी निकाल लावून मोकळी होतात. ‘आपली पोरगी सत्तराच्या आसपास जाईल’ असे काका म्हणतात, मामा मान डोलावतात, आणि त्या सत्तराच्या हिशेबाने तालुक्याच्या गावचे महाविद्यालय मुक्रर होते. ओळखीच्या कारकुनाकडे शब्द टाकला जातो. कधी पैसेही भरले जातात. पुढे मे महिन्यात निकाल लागतो आणि गुण निघतात अठ्ठ्याऐंशी! पेढे वाटले जातात. पण तीच मुलगी जेव्हा हळूच विचारते, ‘मग आता पुण्याला अर्ज करू का?’ तेव्हा मघाचा पेढा सर्वांच्या घशात अडकतो. ‘आता कशाला? झाले ते बरे झाले. पदरी पडले...’

वाचकहो, ‘अनपेक्षित यश’ हा शब्दप्रयोग जरा तपासून पाहा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला त्या मुलीचे नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, बापाची जमीन किती तेही ठाऊक नसते. त्याने फक्त उत्तरे पाहिली. अपेक्षा करणाऱ्यांनी मात्र उत्तरे सोडून बाकी सर्व पाहिले होते. तेव्हा दोहोंत तफावत पडली, तर चूक कोणाची? गुण जास्त पडले असे म्हणण्यापेक्षा अपेक्षा कमी पडली असे म्हणा. आणि चूक कळल्यावरही तिच्याच आधाराने मुलीची तीन-चार वर्षे बेतायची, याला शहाणपण कसे म्हणावे?

हे दुखणे एकट्या आपलेच नाही. इंग्लंडात शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांच्या भाकितावर विद्यापीठे आधी जागा देऊ करतात. तेथील अभ्यासकांना असे आढळले की, हुशार परंतु गरीब घरच्या मुलांचे भाकीत हुशार आणि सधन मुलांच्या मानाने अधिक वेळा कमी वर्तवले जाते. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल लागलेल्यांसाठी तेथे २००९ ते २०२१ पर्यंत एक सोय होती. हातची जागा राखून पाच दिवस अधिक चांगली जागा शोधता येई. पुढे ती सोय बंद झाली, आणि आता हातची जागा सोडून नवी शोधावी लागते. पण निकालानंतर विचार बदलणे हा मुलांचा हक्क आहे, एवढे तरी त्या व्यवस्थेला मान्य आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: ‘भरलेले पैसे बुडतील.’ विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याविषयी स्पष्ट नियम घालून दिले. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ कपात वगळता सर्व शुल्क परत. त्यानंतर नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के अशी उतरंड. आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला संस्थेने अडकवून ठेवू नये, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा पैसे बुडतात ते बदल केल्याने बुडत नाहीत, उशीर केल्याने बुडतात.

दुसरा आक्षेप: ‘पुणे लांब.’ एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती नगर आणि पुणे यांच्याच दरम्यान! पुणे विद्यापीठ स्थापन झाले १९४९ साली. म्हणजे विद्यापीठाआधी रस्त्यावर गाडी होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी मिस फरार यांच्या नगरच्या संस्थेत आल्या, तेव्हा ना एस. टी. होती ना आगगाडी. चांगले शिक्षण जिथे होते तिथे त्या आल्या. आज त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या गावी नगरची मुलगी जाऊ म्हणते, तर आपण तिला अंतर सांगतो! नगरचेच अच्युतराव पटवर्धन शिकायला थेट काशीला गेले होते, हे मात्र अभिमानाने सांगतो.

कारण अंतराचा हा हिशेब मुलग्याला लागू नसतो. पासष्ट टक्क्यांचा भाऊ ‘क्लास लावायला’ पुण्यात खोली घेऊन राहतो आणि अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची बहीण तालुक्याला जाऊन येऊन शिकते. खर्चाची अडचण खरी आहे. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडणी करणाऱ्या घराला ती मी काय सांगावी? पण ज्यांना तीच अडचण मुलाच्या वेळी आठवत नाही, त्यांनी ती मुलीच्या वेळी पुढे करू नये. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. जेवणाराहण्याचा खर्च उरतोच. त्यासाठी वसतिगृह भत्ता आहे, विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. पुरते का? पुष्कळदा नाही. पण अर्जच न करता ‘परवडत नाही’ म्हणणे, हे हिशेब न करताच बाकी काढणे झाले.

तिसरा आक्षेप मानभावी: ‘इथे पहिली येईल, तिथे पन्नासावी.’ येऊ द्या की! पन्नासावीला पुढच्या एकोणपन्नासांकडून शिकता येते. पहिलीने कोणाकडून शिकावे?

याचा अर्थ गावची महाविद्यालये टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. डॉ. भास्करराव हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर महाविद्यालय उभे केले, ते जिल्ह्यातील मुलांना चांगले शिक्षण घराजवळ मिळावे म्हणूनच. तुमचा विषय शिकवणारे कायम प्राध्यापक जवळच असतील, प्रयोगशाळेत प्रयोग होत असतील, ग्रंथालयाला कुलूप नसेल, तर खुशाल राहा. केवळ मोठ्या नावाच्या पाटीसाठी जाणेही भाबडेपणाच आहे. मात्र राहायचे ते पारखून राहा. आणि मुले निघून जातात म्हणून हळहळणाऱ्या संस्थाचालकांनी दाखले अडकवण्यापेक्षा रिकाम्या जागांवर शिक्षक नेमावेत. मूल शिकवणीने टिकते, दाखला अडकवून नव्हे.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. २०२५ साली अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात नियम झाला की, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेच घ्यावे लागेल. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाले तरी तसेच. म्हणजे भीतीपोटी जवळचे नाव जिने यादीत वर लिहिले, तिला गुण कितीही पडोत, नियमच तिथे बांधून टाकतो. ‘पदरी पडले’ ही म्हण आता संगणकालाही पाठ झाली आहे!

या दिवाळीत बारावीचे मूल घरात असेल, तर फराळाच्या ताटाशी त्याला किती टक्के पडतील हे विचारू नका. मनासारखे गुण पडले तर यादीत पहिले नाव कोणते लिहिशील, एवढेच विचारा. उत्तर ऐकून घ्या, त्या गावच्या वसतिगृहाची चौकशी आतापासून करा, आणि उन्हाळ्यात ती यादी भरायला बसेल तेव्हा काका-मामांना बाहेर ओसरीवर बसवा. पहिले नाव तिचे तिला लिहू द्या.