अडगळीतला संगणक आणि खर्चाचे शीर्ष

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपावयास दोन दिवस उरले असताना रस्त्याच्या खोदकामात आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाची केबल तुटली. खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची रांग आणि आत पाच संगणक निरुपयोगी. शेजारच्या ग्रंथालयात मात्र दुसऱ्या कंपनीची जोडणी सुरळीत चालू होती. तिचे वाय-फाय कार्यालयापर्यंत पोहोचतही होते. परंतु कार्यालयातील जुन्या संगणकांना तारेखेरीज दुसरी वाट ठाऊक नव्हती. नव्या यंत्रासाठी दरपत्रके मागविण्याची टिप्पणी तयार होऊ लागली.

ती मंजूर होण्यापूर्वीच प्रयोगशाळा साहाय्यकाने अडगळीतून एक संगणक काढला, पेनड्राइव्हवरून त्यात लिनक्स बसविली, वाय-फाय पकडणारे छोटे उपकरण लावले आणि हवेतून येणारी जोडणी तारेने कार्यालयाच्या स्विचला दिली. तासाभरात अर्ज जाऊ लागले.

यात जादू काही नाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली सुरू केलेल्या या प्रणालीच्या गाभ्यातच दोन जाळी जोडण्याची सोय आहे. दोन्ही बाजू तारेच्या असतील तर संगणक निव्वळ पुलासारखा वागतो. कोणता पत्ता कोणत्या बाजूस आहे हे शिकून घेतो आणि त्याप्रमाणे माहिती पलीकडे सोडतो. वाय-फायशी असा सरळ पूल बहुधा जुळत नाही, कारण तेथील केंद्र नोंद झालेल्या यंत्राकडून आलेलीच माहिती स्वीकारते. मग मधला संगणक सर्वांची पत्रे स्वतःच्या नावाने धाडतो आणि उत्तरे ज्याची त्यास वाटतो. आवक-जावक लिपिकाचेच हे काम!

लिनक्सला परवाना शुल्क नाही, म्हणून खर्चच नाही, असे मात्र अर्थशास्त्राच्या अध्यापकाने म्हणू नये. 60 वॅट घेणारा संगणक अहोरात्र चालविला तर वर्षाला सुमारे 525 युनिट वीज लागेल. त्याच कामाची 10 वॅटची पेटी 88 युनिटांत भागविते. तेव्हा कायमच्या कामास पेटीच बरी. अडीअडचणीस मात्र जुना संगणक पुरतो, आणि विंडोज 10चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यापासून असे चालते संगणक आमच्याकडे भंगाराच्या यादीत जाऊन बसले आहेत.

त्या दिवशी आमच्यापाशी यंत्रे होती, जोडण्याही होत्या. टंचाई होती ती त्या जुळविणाऱ्या हातांची. आमच्या अंदाजपत्रकात यंत्रखरेदीला शीर्ष आहे, कर्मचाऱ्यांना शिकविण्याला नाही. म्हणून दरपत्रके येतात, यंत्र येते, ते अडले की पुन्हा दरपत्रके. ज्याने काम निभावले तो साहाय्यक कंत्राटी आहे. त्याचा करार मार्चअखेर संपतो, आणि त्याने काय केले याची एका ओळीचीही नोंद कार्यालयात नाही. चार लिपिकांना व दहा विद्यार्थ्यांना त्याने हे शिकवावे आणि त्या दोन दुपारांचे मानधन त्यास मिळावे, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली घालावी, हा प्रश्न सध्या विचाराधीन आहे.