अर्ध्या तासाचंच तर काम आहे!

हॅरो, वेम्बली, स्लाव, हाउन्स्लो... आपल्यातल्या अनेकांनी घरं घेतली ती स्टेशन जवळ बघून, आणि काहींच्या मागच्या कुंपणापलीकडे थेट रूळच आहेत. मग एक दिवस लॉफ्टचं काम निघतं, किंवा कुंपणावर झुकलेलं झाड छाटायचं असतं, आणि बिल्डर म्हणतो, "रेल्वेला विचारावं लागेल." त्यावरचं आपलं उत्तर ठरलेलं. "कशाला? आपल्याच हद्दीत तर करतोय. अर्ध्या तासाचंच तर काम आहे."

अहो, हद्द तुमच्या नकाशावर असते. परांचीचा लांबलचक पाइप हातातून सुटला की तो हद्द बघून पडत नाही. वरच्या तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलेली फांदी किंवा शिडीही पुरते. लंडनच्या दक्षिणेला तारा दिसत नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे वीज जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळात आहे, ७५० व्होल्ट. आणि ताशी १२५ मैलांनी येणारी गाडी सेकंदाला ५५ मीटर कापते, तिला थांबायला मैलभर तरी लागतो. ड्रायव्हरला तुमचा पाइप दिसला तरी तो करणार काय?

इथे आपली मंडळी हमखास एक गफलत करतात. रेल्वेच्या जमिनीपासून १० मीटरच्या आतल्या बांधकामाचा अर्ज आला की कौन्सिल रेल्वेला कळवते, हे खरं. पण कौन्सिलचा होकार म्हणजे रेल्वेचा होकार नव्हे. त्यासाठी नेटवर्क रेलच्या अ‍ॅसेट प्रोटेक्शन विभागाकडे वेगळं जावं लागतं. काम कसं करणार, परांची कुठे, क्रेन कशी फिरणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. धोका टळणारच नसेल तर गाड्या बंद असताना काम करायचं, आणि तशी वेळ कित्येक महिने आधी ठरते. मागची लाईन ट्यूबची असेल तर दार ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं. हॅरोच्या बाजूला दोन्ही शेजारी शेजारी धावतात, तेव्हा आधी लाईन कोणाची ते विचारा.

रोज रुळांवर काम करणाऱ्यांनाही यातून सूट नाही. ३ जुलै २०१९ रोजी वेल्समधल्या मार्गमजवळ दोन कामगार गाडीखाली गेले. यंत्राच्या आवाजात गाडी ऐकू आली नाही. कागदावर लाईन दुपारी बंद व्हायची होती. अपघात सकाळी दहाच्या आधी झाला. ही अनुभवी माणसं होती. आपल्याकडेही जानेवारी २०२४ मध्ये वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नलच्या कामावरचे पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली गेले. रविवारच्या मेगाब्लॉकला आपण वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, मीही दिल्या. पण त्या ब्लॉकचा अर्थ एवढाच, की आज त्या रुळावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर गाडी येणार नाही.

आता रेल्वेचंही कौतुक पुरे. झाडाच्या दोन फांद्या आणि दुमजली इमारत यांना जवळपास सारखीच कागदपत्रं, वर फी, वर उत्तराची वाट. म्हणूनच माणसं "रविवारी सकाळी गुपचूप उरकू" म्हणतात. लहान कामांसाठी सोपा अर्ज आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या भागाच्या खासदाराला हे लिहा. रूळालगतची दहा घरं मिळून लिहिलंत तर आणखी बरं.

उन्हाळ्यात काम काढायचं असेल तर अर्ज या दिवाळीतच करा. बिल्डरने "परवानगीचं मी बघतो" म्हटलं तर रेल्वेचं पत्र मागून घ्या, आणि ते हातात पडेपर्यंत परांची उभी करू देऊ नका.