परतावा चोराला, हेलपाटे धन्याला

सरकारकडे जादा गेलेला कर परत मिळावा म्हणून अर्ज करायचा, महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि शेवटी उत्तर ऐकायचे की "तुमचा परतावा केव्हाच दिला गेला आहे." कोणाला दिला, कोणत्या खात्यात दिला, हे मात्र कोणी सांगत नाही. असा प्रसंग आल्यावर आपल्या बोरगाव-सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. नशिबाला बोल लावून गप्प बसतो, नाहीतर ओळखीच्या पुढाऱ्याच्या मागे फिरतो. लेखी हरकत मात्र घेत नाही. आमच्या मते पहिले पाऊल लेखी हरकतीचेच असले पाहिजे, आणि आपली बाजू किती भक्कम आहे हे आपल्या जुन्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांना तसेच तरुणांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून आजचा हा विषय.

परताव्याशी आपला काय संबंध, आपण तर संत्र्या-कपाशीवाले, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, असे कोणी म्हणेल. पण बाग विकून किंवा जमिनीचा मोबदला घेऊन बँकेत ठेवलेल्या एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला जातोच. कर कापू नये म्हणून द्यायचे घोषणापत्र वेळेवर भरले नाही की करपात्र उत्पन्न नसलेल्या आजोबांचाही कर कापला जातो आणि तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांच्या पगारातून टीडीएस जातो. लहान कारखानदार आणि व्यापारी यांचे जीएसटीचे परतावे असतात. थोडक्यात, ज्याच्या घरी पासबुक आहे त्याच्या घरी हा प्रश्न आहे.

आता परतावा चोराच्या हाती कसा पडतो ते पाहू. मुंबईत आयकर विभागातील एका वरिष्ठ कर सहायकावर सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि ईडीने 2023 मध्ये त्याला अटक केली. तपास यंत्रणांचा आरोप असा, की वरिष्ठ अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि आरएसए टोकन त्याच्या हाती होते. त्यांच्या जोरावर नोव्हेंबर 2019 ते नोव्हेंबर 2020 या काळात टीडीएसचे 12 खोटे परतावे काढले गेले. रक्कम 263 कोटी 95 लाख रुपये. म्हणजे एकेक परतावा सरासरी 22 कोटींचा! संशय आला तो एका बँकेला, खात्यातील व्यवहार पाहून. दुसरे प्रकरण महाराष्ट्राच्या राज्य जीएसटी विभागातले. 2024 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एक राज्यकर अधिकारी आणि 16 व्यापारी यांच्यावर गुन्हा दाखल केला. ऑगस्ट 2021 ते मार्च 2022 या आठ महिन्यांत 39 खोटे परतावे मंजूर झाले आणि 175 कोटी 93 लाख रुपये गेले, असा तेथील आरोप. दोन्ही ठिकाणी निवाडा न्यायालयाचा. आम्ही कोणाला दोषी ठरवीत नाही. पण पैसा गेला, आणि तो करदात्यांनी भरलेल्या पैशातून गेला, हे तर उघड आहे.

या आकड्यांशेजारी आपल्याकडचे उदाहरण ठेवून पाहा. आपल्या ज्ञानेश्वररावांचे नाव मराठी रीतीने इंग्रजीत 'डी'पासून लिहिले जाते, आणि हिंदी शाळेतला गुरुजी किंवा बँकेतला बाबू तेच 'जी'पासून लिहितो. पॅन कार्डावर एक, पासबुकावर दुसरे. कोठे 'राव' आहे, कोठे गळले आहे. तेवढ्यासाठी अठराशे रुपयांचा परतावा अडकतो आणि सत्तरीतला माणूस बँक, कर सल्लागार आणि आधार केंद्र अशा चकरा मारतो. तिकडे बावीस कोटींना कोणी नाव विचारले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बँकेच्या कामातली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती सामान्य खातेदाराला ठाऊक नसते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने येणारी रक्कम केवळ खाते क्रमांक पाहून जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2010 च्या परिपत्रकाने बँकांना दिली. लाभार्थीचे नाव जुळते की नाही हे पाहण्याचे बंधन राहिले नाही. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर. पूर्वी क्रॉस चेक यायचा, त्यावर नाव असायचे, काउंटरवरचा माणूस नाव वाचायचा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम 131 बँकेला संरक्षण देते ते सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता चेक वसूल केला तरच. इलेक्ट्रॉनिक जमेत नावाची ती चाळणी निघून गेली. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकाने पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करण्यास बँकांना सांगितले. चांगले झाले, पण मध्ये चौदा वर्षे गेली. आयकराचा परतावा मार्च 2019 पासून पॅनशी जोडलेल्या खात्यातच जातो, हेही खरे. तथापि मंजुरी देणाऱ्याचीच किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल तर दाराला कितीही कुलपे लावा.

आता मुख्य मुद्दा. परतावा दुसऱ्याच कोणाच्या खात्यात गेला तर सरकार तुमचे देणे फेडून मोकळे झाले का? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेवढे येथे पुरते. आपण रामरावांचे हजार रुपये देणे लागतो आणि चुकून शामरावांना देऊन आलो, तर रामरावांचे देणे तसेच उभे राहते. शामरावांकडून पैसे परत घेणे ही आपली डोकेदुखी. 1872 च्या करार कायद्याचे कलम 72 हेच सांगते, की चुकीने पैसे मिळालेल्याने ते परत केले पाहिजेत. म्हणजे विभागाला वसुलीचा रस्ता मोकळा आहे. तो रस्ता त्याने धरावा. तोवर खऱ्या करदात्याला थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

करातही हा नियम चालतो का, अशी शंका घेण्याचे कारण नाही. बनारसच्या विक्रीकर अधिकाऱ्याविरुद्ध कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये सांगितले, की चुकून भरलेला करही कलम 72 खाली परत मागता येतो. आपल्या राज्याचा तर स्वतःचाच निवाडा आहे. जुन्या मध्य भारतात तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडून विक्रीकर बेकायदा वसूल झाला होता. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध भाईलाल भाई या 1964 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की असा कर परत देण्याचा आदेश उच्च न्यायालय देऊ शकते. मात्र त्याच निकालात एक इशाराही आहे. दाव्याला जी मुदत लागू असते, तेवढ्याहून अधिक उशीर सामान्यतः अवाजवी समजला जाईल. ती मुदत साधारण तीन वर्षे. चूक किंवा फसवणूक लक्षात आल्यापासून मुदत मोजावी असे 1963 च्या मुदतीच्या कायद्याचे कलम 17 म्हणते खरे, पण तुमच्या केव्हा लक्षात आले हे तुम्हालाच दाखवावे लागेल. तेव्हा 'पाहू पुढच्या वर्षी' या आपल्या जुन्या सवयीला येथे जागा नाही.

विभागाच्या बाजूने एक म्हणणे मांडले जाते, की दोनदा पैसे दिले तर तिजोरीचे नुकसान होईल आणि ते शेवटी जनतेच्याच डोक्यावर बसेल. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मग नुकसान कोणी सोसावे? लॉगिन ज्याच्या ताब्यात होते त्या कार्यालयाने, की ज्याने फक्त कर भरला त्याने? बँकेत कॅशियरकडून चुकीच्या माणसाला रोकड गेली तर बँक खऱ्या खातेदाराला 'आधी चोर सापडू द्या' असे सांगू शकत नाही. आपली चौकशी आपण करते आणि खातेदाराची बाकी दुरुस्त करते. सरकारला याहून सैल माप लावण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलू, कारण एका प्रकारात आपली बाजू लंगडी पडते. विवरणपत्र भरून देणारे काही एजंट आपल्या कामगार मुलांना "रिफंड काढून देतो, वीस टक्के माझे" असे सांगून पॅन, आधार आणि ओटीपी सारे घेतात. भाड्याची खोटी पावती, न दिलेली देणगी, नसलेला विमा दाखवतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 14 जुलै 2025 रोजी देशभर 150 ठिकाणी अशांची तपासणी सुरू केली. महाराष्ट्राबरोबर आपल्या मध्य प्रदेशाचेही नाव त्या यादीत होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले, असे मंडळाने जाहीर केले. हे एजंट तात्पुरता ईमेल पत्ता उघडून काम करतात आणि मग तो सोडून देतात. नोटीस तेथे पडून राहते. एजंट वाटा घेऊन पसार, आणि दंड व व्याजासह मागणी येते ती सही करणाऱ्यावर. अशा वेळी समाजाची सहानुभूती मिळेल, पण कायद्याची मिळणार नाही. ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणे, हे घरोघरी सांगितले पाहिजे.

तिजोरीतून भलत्याच माणसाला पैसा जाणे हे मुंबईपुरतेच आहे असेही समजू नये. सिवनी जिल्हा छिंदवाड्याला लागून आहे. तेथील केवलारी तहसिलीत साप चावून मेल्याच्या खोट्या नोंदी करून 11 कोटी 26 लाख रुपयांची मदत 47 जणांच्या खात्यांत गेल्याचे लेखा तपासणीत निघाले. एकेक माणूस कागदावर अनेकदा मेला! ही मदत होती, कर नव्हे. पण वाट तीच: एक बाबू, एक पासवर्ड, एक खाते क्रमांक आणि वर कोणी न पाहणे. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी आणि मालमत्ता कर यांच्या रकमा लहान म्हणून आपण तिकडे पाहत नाही. 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवा, परत दिलेल्या रकमा कोणाला दिल्या ते सांगा, एवढे सरपंच-सचिवांना विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

राजकीय पक्षांकडे आमच्या तीन मागण्या आहेत, आणि पुढच्या निवडणुकीत जो दारात येईल त्याला त्या विचाराव्यात. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा जिल्हा झाला. आनंद झाला, फटाके फुटले. आता या जिल्ह्यात परताव्याच्या तक्रारी घेणारी आणि पोचपावती देणारी एक खिडकी ठरलेल्या दिवशी सौंसर व पांढुर्णा येथे उघडावी. परतावा चुकीच्या हाती गेल्याचे सिद्ध झाल्यास खऱ्या हक्कदाराला आधी पैसे मिळावेत, वसुली मागून व्हावी. आणि विलंबाचे व्याज न मागता मिळावे. आयकरात ते दरमहा अर्धा टक्का आहे, जीएसटीत अर्ज पूर्ण झाल्यापासून 60 दिवस उलटल्यावर वार्षिक 6 टक्के. यात नवे काही मागितलेले नाही; कायद्यात आहे तेच वेळेवर द्या, एवढेच.

भाषेचा प्रश्नही येथे येतोच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपली घरातली भाषा एक आणि कचेरीतली दुसरी. कर विभागाची नोटीस इंग्रजीत येते, तहसिलीचे पत्र हिंदीत. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना दोन्हींत मनातले नीट मांडता येत नाही आणि म्हणून अर्जच जात नाही. त्यांच्यासाठी संविधानाचे कलम 350 आहे. गाऱ्हाणे दूर व्हावे म्हणून केंद्र वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज 'हिंदीत आणा' म्हणून परत करणाऱ्या बाबूला हे कलम नम्रपणे दाखवावे. बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे 2021 च्या योजनेपासून कोणत्याही भाषेत लिहून पाठवता येते. मात्र आधी बँकेला लेखी कळवून 30 दिवस थांबावे लागते.

अर्जात काय लिहावे ते थोडक्यात. प्रथम आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात परतावा दिल्याची नोंद व तारीख पाहावी आणि त्याची छापील प्रत काढावी. आपल्या सर्व खात्यांचे त्या तारखेच्या आगेमागेचे उतारे बँकेकडून शिक्क्यासह घ्यावेत. रक्कम आली नाही याचा याहून चांगला पुरावा नाही. मग विभागाला लिहावे, की सदर रक्कम मला मिळालेली नाही, ती कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत, कोणत्या यूटीआर क्रमांकाने दिली ते कळवावे आणि माझा परतावा व्याजासह माझ्या खात्यात द्यावा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपये भरून हेच प्रश्न विचारावेत. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. फसवणूक नुकतीच झाली असेल तर त्याच दिवशी 1930 वर फोन करावा, कारण पैसा खात्यात असेपर्यंतच तो गोठवता येतो. तोंडी विनंती करू नये. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेऊनच खिडकी सोडावी.