ज्ञानाचा वाटाड्या

शोध लावणारा तो मोठा आणि त्या शोधाची माहिती सांगणारा तो धाकटा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. विज्ञान सोप्या शब्दांत लिहून सांगणे, हेही तितकेच मोलाचे काम आहे. ज्याला विज्ञान आणि भाषा या दोहोंची गोडी आहे, त्याने ते जीवनकार्य म्हणून खुशाल पत्करावे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेन मार्सेट या बाई लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकावयास जात. प्रथम त्यांना त्यांतील बरेचसे उमगेना. तेव्हा त्यांनी एका स्नेह्याशी चर्चा केली, प्रयोग करून पाहिले आणि मग तो विषय त्यांना उलगडला. आपले जेथे अडले, तेथे इतरांचेही अडणार, हे ओळखून १८०६ साली त्यांनी गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर स्वतःचे नावदेखील घातले नाही.

पुढे ते पुस्तक बांधणीच्या दुकानातील एका उमेदवाराच्या हाती पडले. मुलगा लोहाराचा, शालेय शिक्षण बेताचेच. पुस्तके बांधता बांधता तो ती वाचीत असे. यात सांगितले आहे ते खरे का, हे त्याने पदरचे चार पैसे खर्चून, लहान लहान प्रयोगांनी ताडून पाहिले. हाच मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेले शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. चुंबकाच्या साहाय्याने विजेचा प्रवाह निर्माण करता येतो, हे त्यांनी १८३१ साली दाखविले. आजची बहुतेक वीजकेंद्रे याच तत्त्वावर चालतात. कीर्ती मिळाल्यावरही मार्सेटबाईंचे ऋण ते विसरले नाहीत. नाताळच्या दिवसांत मुलांसमोर साधी मेणबत्ती ठेवून, तिच्या ज्योतीतून ते रसायनशास्त्र उकलून दाखवीत.

मराठीतही ही वाट जुनी आहे. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी संशोधन सांभाळून मराठीत विज्ञानकथा व लेख लिहिले. विज्ञानप्रसारासाठी त्यांना १९९६ साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले.

या वाटेने जाणाऱ्याने प्रथम विषय स्वतः नीट समजून घ्यावा. न कळल्यास जाणकाराला विचारण्याचा संकोच धरू नये. शब्द सोपे करावेत; पण सत्याला मुरड घालू नये, की वाचकाला थक्क करण्यासाठी राईचा पर्वत करू नये.

आपण लिहिलेले पान कोणत्या दुकानात, कोणत्या मुलाच्या हाती पडेल, हे लेखकाला ठाऊक नसते. म्हणूनच प्रत्येक पान काळजीने लिहिले पाहिजे.