गाड्यांचे थिएटर

मंडईतून भाजी घेऊन निघालेल्या कुठल्याही पुणेकराला विचारा, "गाडी कुठं लावलीत?" तो म्हणेल, "आर्यनला." तिथे जागा मिळाली नसेल तर म्हणेल, "मिनर्व्हाला." ही दोन्ही नावे चित्रपटगृहांची. पूर्वी तिथे सिनेमे लागायचे, आता गाड्या लागतात. या वाहनतळांना कागदोपत्री थोर माणसांची नावे दिलेली आहेत, पण ती कागदोपत्रीच राहिली. आर्यन पडले तेव्हा ज्याच्या आईवडिलांचे लग्नही झालेले नव्हते, असा कॉलेजकुमारसुद्धा स्कूटर 'आर्यनला'च लावतो. इमारत पाडता येते. नाव पाडायचा बुलडोझर अजून निघालेला नाही.

आमचे शेजारी व्यवहारी गृहस्थ आहेत. 'व्यवहारी' हा शब्द मी शिवी म्हणून वापरतो आहे, हे आधीच सांगून टाकतो. ते म्हणतात, "अहो, एक जुनं थेटर गेलं आणि शेकडो गाड्यांची सोय झाली. त्यात रडायचं काय?" मी रडत नाही, भांडतो आहे. या दोन गोष्टींतला फरक निदान पुण्यात तरी कुणाला समजावून सांगावा लागू नये.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो मे १९१३ मध्ये. त्यानंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, १९१५ साली, बापूसाहेब पाठकांनी मंडईजवळ आर्यन सुरू केले. पुण्यातले हे पहिले चित्रपटगृह. म्हणजे सिनेमाला अजून बोलताही येत नव्हते, तेव्हापासून ते उभे होते. १९३१ साली 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला, मग गाऊ लागला, पुढे रंगीत झाला. आर्यनने हे सगळे पाहिले आणि १९८३ साली ते जमीनदोस्त झाले. अडुसष्ट वर्षांची नोकरी, आणि निवृत्तीनंतर जागेवर गाड्यांचा मुक्काम!

"पण ते ढेकूण विसरलात वाटतं?" शेजाऱ्यांचा हा हुकमी एक्का. मुळीच विसरलेलो नाही. त्या काळच्या कुठल्याही थिएटरात ढेकूण असायचेच. पण ते समतावादी होते. बाल्कनीतल्या डॉक्टरला आणि थर्ड क्लासमधल्या हमालाला ते सारख्याच आपुलकीने चावायचे. आणि ढेकणांसाठी कुणी घर पाडत नाही हो! ढेकणांवर औषध मारतात. इथे ढेकूण वाचले असतील, थिएटर तेवढे गेले.

शिवाय थिएटर कधी एकटे जात नाही. भोवतालचा सगळा संसार घेऊन जाते. पत्र्याचा बिल्ला हातावर ठेवणारा सायकल स्टँडवाला गेला. कागदाच्या पुडीत खारे दाणे देणारा आणि पुडीच्या टोकाशी हमखास रिकामी जागा ठेवणारा दाणेवाला गेला. गाण्यांची पुस्तके विकणारा गेला. त्याच्याकडच्या पुस्तकातली गोष्ट ऐन रंगात आली की 'यापुढील कथानक पडद्यावर पाहा' असे छापलेले असायचे. नटनट्यांच्या शेजारी दत्त आणि गणपती टांगणारा तसबीरवाला गेला. इंटरव्हलच्या घंटेवर आधण ठेवणारा अमृततुल्यवाला, 'मसाला कम, बत्तीस जादा' एवढ्यावर गिऱ्हाईक ओळखणारा पानवाला, सगळे एकामागून एक गेले. तीन, सहा आणि नऊ ही त्यांची देवपूजेची वेळ होती. सहाचा खेळ सुटला की मंडईतल्या उरल्यासुरल्या मेथीच्या जुड्यासुद्धा खपायच्या. नवरा सिनेमातल्या नायिकेबद्दल फार बोलायला लागला, की बायको त्याच्या हातात भाजीची पिशवी द्यायची.

आता व्यवहारी माणसाशी व्यवहाराचेच बोलतो. सिनेमाला आलेला माणूस अर्धा तास आधी येतो, रेंगाळतो, खातो, आणि सुटल्यावर 'शेवट पटला नाही' हे सांगण्यासाठी पुन्हा चहाला थांबतो. वाहनतळावर आलेला माणूस घड्याळ बघत येतो आणि भाडे वाढेल म्हणून पळत जातो. यांतला कोण आजूबाजूच्या दुकानदाराचे पोट भरेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. रात्री नऊचा खेळ सुटायचा तेव्हा साडेबाराला रस्ता माणसांनी भरलेला असे. आमच्या घरच्या बायका त्या गर्दीतून निर्धास्त पायी घरी यायच्या. आज त्याच वेळी तिथून एकट्या मुलीला पाठवताना आपण "पोचलीस की फोन कर" म्हणतो. गाड्या सोबत करत नाहीत.

"मल्टिप्लेक्स आहेत की!" आहेत. थंडगार आहेत, गुबगुबीत आहेत, ढेकूणही नाहीत. पण बाहेरून शेंगदाण्याची पुडी आणली तर दारात अशी झडती होते की जणू आत बाँब नेतो आहे. आतल्या मक्याच्या लाह्यांच्या किमतीत आमच्या लहानपणी बारसे झाले असते. आणि मुख्य म्हणजे, तिथे मंडईतला हमाल दिसत नाही. त्याच्या पैशांत मावेल असे एक तिकीट ज्या घरात होते, ते घर आपण पाडले. एकाच विनोदावर तो आणि मी एकाच वेळी हसायचो. आता आम्ही एकाच जागी भेटतो ते सिग्नलला. तिथे विनोद होत नाहीत.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळीच थिएटरे बंद झाली आणि गावोगावची कित्येक जुनी पुन्हा उघडलीच नाहीत. उरलेल्यांवर कुणाची ना कुणाची नजर आहेच. म्हणून आत्ताच सांगतो. खुशाल नवी इमारत बांधा, गाड्या हव्या तर तळघरात घाला. पण वर दोन-तीनशे खुर्च्यांचे, हमालाला परवडेल असे एक थिएटर ठेवा, आणि रस्त्याकडेला चहावाल्याला, दाणेवाल्याला, पानवाल्याला हातभर जागा द्या. हे जमणार नसेल तर निदान नव्या वाहनतळाला थोरामोठ्यांचे नाव तरी देऊ नका. लोक जुनेच नाव घेणार आहेत, उगाच पाटीचा खर्च कशाला?